वाचकांचे प्रश्न : कूर्बेची हरणे आणि त्यांचे रान

गेल्या अंकाच्या मुखपृष्ठावर गुस्ताव कूर्बे या फ्रेंच चित्रकाराचे १८६६ सालचे ‘हरणांचे आश्रयस्थान’ हे तैलचित्र छापले होते. ऑर्नां गावाजवळच्या प्लेझिर-फोंतेन नावाच्या ओढ्याकाठी, चुनखडीच्या कड्यांच्या आडोशाला विसावलेली हरणे हा त्याचा विषय. त्या चित्राविषयी बरीच पत्रे आली. एकच शंका अनेकांनी विचारली असेल तेथे ती एकत्र करून पुढे दिली आहे.

प्रश्न : चित्र पाहताना वाटते की चित्रकार झाडाआड श्वास रोखून बसला असावा आणि हरणांना त्याची चाहूलही लागली नसावी. त्या काळी चपळ कॅमेरे नव्हते. मग ही हरणे त्याने रानात बसून रंगवली की केवळ मनाने?

उत्तर : केवळ रानात बसूनही नाही आणि केवळ मनानेही नाही. या चित्राची घडण समजून घेण्यासारखी आहे, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

आधी रानाविषयी. कूर्बेचा जन्म १० जून १८१९ रोजी ऑर्नां येथे झाला. फ्रान्सच्या पूर्वेकडील फ्रांश-कोंते प्रांतात, लू नदीच्या खोऱ्यात हे गाव वसलेले आहे. भोवताली चुनखडीचे उंच कडे, त्यांच्या भेगांतून फुटणारे झरे आणि दिवसाही अंधार वाटावा अशा झाडीने झाकलेल्या घळी असा तो मुलूख आहे. पॅरिसमध्ये नाव झाल्यावरही कूर्बे पुनःपुन्हा तिकडे जात राहिला आणि तिथले ओढे, गुहा व कडे रंगवत राहिला. मुखपृष्ठावरच्या चित्राच्या आदल्याच वर्षी, म्हणजे १८६५ साली, त्याने ‘झाकलेला ओढा’ हे चित्र केले होते. त्यात अशीच घळ आहे, असेच गर्द पाणी आहे, मात्र एकही हरीण नाही. तेव्हा हे रान हरणांसाठी उभारलेला देखावा नव्हे. ते त्याच्या पायाखालचे होते, आधीच अनेकदा रंगवून झालेले होते, आणि हरणे त्यात नंतर आली.

ती आली कोठून, हे ऐकून काही वाचकांचा विरस होईल. कूर्बेने पॅरिसमधल्या शिकारीचे मांस विकणाऱ्या एका दुकानदाराकडून हरणे चक्क भाड्याने आणली आणि ती समोर ठेवून चित्रातली हरणे रंगवली. त्या काळी अशा दुकानांत रानडुकरे, ससे, तित्तिर आणि हरणे अखंड टांगलेली असत. या जातीचे हरीण लहानखुरे असते, पंचवीस किलोच्या आसपास भरते, त्यामुळे एका माणसाला ते उचलून हवे तसे मांडणे शक्य होते. गुडघ्याचा सांधा कोठे वळतो, बरगड्यांवरची कातडी कशी ताणली जाते, पोटाकडे केसांचा रंग कसा फिका होत जातो, हे सगळे जवळून आणि सावकाश पाहता आले. जिवंत हरणाने त्याला एवढा वेळ कधीच दिला नसता.

मात्र मेलेल्या हरणाची मान लोंबते, पाय ताठरतात आणि डोळ्यांतले पाणी जाते. चित्रात यातले काहीच नाही. मुखपृष्ठ पुन्हा हाती घेऊन बसलेल्या मादीकडे पाहावे. तिने पाय अंगाखाली घेतले आहेत आणि देहाचा सगळा भार जमिनीवर सोडून दिला आहे. जमीन ओळखीची आहे आणि उठण्याची घाई नाही, अशा प्राण्याचे ते बसणे आहे. नराने मान ताणून झाडाची पाने तोंडात धरली आहेत. ताणलेली मान आणि खाली स्थिर राहिलेले पाय यांतला तोल मेलेल्या प्राण्याकडून मिळत नाही. तो पाहून पाहून अंगवळणी पडावा लागतो. कूर्बे कसलेला शिकारी होता. पहाटेच्या दवात ताटकळत बसणे, वाऱ्याची दिशा पाहून जागा बदलणे, पाचोळ्यातली खसखस ऐकून कोणता प्राणी असेल ते ओळखणे हे त्याने वर्षानुवर्षे केलेले होते. हरणाची उठबस आणि ऐट त्याच्या स्मरणात होती, ओढा त्याच्या गावात होता आणि हाडामांसाचा तपशील पॅरिसच्या दुकानातून आला. या तिन्ही गोष्टी कॅनव्हासवर एकत्र आल्या, म्हणूनच हे चित्र एका क्षणाची नक्कल न वाटता पुष्कळ दिवसांच्या ओळखीचे वाटते. माझ्या मते त्याचा खरेपणा या ओळखीत आहे, आणि भाड्याच्या हरणांनी त्याला काडीचाही कमीपणा येत नाही.

आता रंगाविषयी. कूर्बे कॅनव्हासला आधी गडद, काळपट-तपकिरी थर द्यायचा आणि त्या अंधारातून उजेड वर काढत यायचा. कड्यांसाठी त्याने कुंचल्याबरोबर रंगलेपणीचा, म्हणजे रंग कालवण्याच्या पातळ पोलादी सुरीचा, मुक्तपणे उपयोग केला. सुरीने रंग ओढला की कोठे तो जाड साचतो, कोठे खालचा काळा थर उघडा पडतो, आणि त्या खरबरीत पृष्ठभागातून चुनखडीचा झिजलेला, शेवाळलेला दगड आपोआप तयार होतो. दगड दाखवण्यासाठी दगडासारखीच वागणारी वस्तू वापरण्याचा हा प्रकार आहे. हरणांच्या अंगावर मात्र तो कुंचल्याकडे वळतो आणि स्पर्श मऊ होतो. छापील प्रतीत हा फरक पूर्ण उतरत नाही, तरी खडकाच्या कडा आणि हरणाच्या पाठीची रेषा शेजारी ठेवून पाहिल्यास त्याची चुणूक मिळते.

प्रश्न : हे नेमके कोणते हरीण? सांबर म्हणावे तर फार लहान आहे आणि शिंगेही आखूड आहेत.

उत्तर : मराठीत ‘हरीण’ हा शब्द आपण सैलपणे वापरतो. काळविटासारखी आयुष्यभर टिकणारी पोकळ शिंगे असलेले ते कुरंग, आणि सांबर-चितळासारखी दर वर्षी गळून नव्याने उगवणारी भरीव शिंगे असलेले ते सारंग, हा आपल्याकडचा जुना भेद येथे उपयोगी पडेल. कूर्बेची सगळी हरणे सारंग कुळातली आहेत, पण त्याच्या चित्रांत दोन वेगळ्या जाती येतात आणि फ्रेंच भाषेत त्यांना वेगळी नावे आहेत. मुखपृष्ठावरचे लहान हरीण म्हणजे ‘शेव्रॉय’, ज्याला इंग्रजीवरून आपण रो हरीण म्हणतो. खांद्यापाशी उंची जेमतेम ६५ ते ७५ सेंटिमीटर, शेपूट जवळजवळ नाहीच, ढुंगणावर पांढरा डाग, आणि नराच्या आखूड शिंगांना बहुधा तीन-तीन टोके. दुसरी जात म्हणजे ‘सेर’, तांबडे हरीण. त्याचा नर आपल्या सांबराच्या तोडीचा असतो आणि त्याच्या शिंगांना अनेक फाटे फुटतात. कूर्बेच्या मोठ्या, थरारक चित्रांत हा दिसतो.

रो हरणाच्या सवयी ठाऊक असल्या की चित्र अधिक उलगडते. हे हरीण गवतावर तोंड टाकून सरसकट चरणारे नव्हे. कळ्या, कोवळी पाने, वेलींचे शेंडे असे निवडून खाणारे आहे. त्याचे पोट लहान, म्हणून थोडे खाणे, मग आडोशाला बसून रवंथ करणे आणि पुन्हा उठून थोडे खाणे, असा त्याचा दिवस जातो. शिकाऱ्यांच्या फ्रेंच भाषेत प्राण्याच्या अशा आडोशाच्या जागेला ‘रमीझ’ म्हणतात, आणि चित्राच्या मूळ नावात हाच शब्द आहे. ‘आश्रयस्थान’ हे आमचे भाषांतर थोडे जड झाले, हे एका वाचकाने लक्षात आणून दिले ते योग्यच आहे. ‘हरणांची बसण्याची जागा’ असा साधा अर्थ धरावा. एक हरीण पाने ओरबाडते आहे आणि दुसरे बसले आहे, यात चित्रकाराने केलेली मांडणी तर आहेच, पण त्या जातीचा दिनक्रमही आहे.

आणखी एक गोष्ट. या हरणांचा मीलनकाळ जुलै-ऑगस्टमध्ये असतो, पण गर्भ काही महिने जवळजवळ निद्रिस्त राहतो, हिवाळ्याच्या मध्यानंतर झपाट्याने वाढू लागतो आणि पाडसे मे-जूनमध्ये जन्मतात. हा चमत्कार थिओडोर बिशॉफ या जर्मन शास्त्रज्ञाने १८५४ साली मांडला, म्हणजे तो कूर्बेच्याच काळातला शोध आहे. चित्रातली पालवी वसंतातली मानली, तर ती बसलेली मादी गाभण असण्याची शक्यता अधिक. हे एकदा मनात आले की तिच्या त्या जड बसण्याकडे वेगळ्या नजरेने पाहिले जाते.

प्रश्न : कूर्बेचे दोन नरांच्या झुंजीचे एक प्रचंड चित्र प्रसिद्ध आहे. त्याच्या नावात ‘वसंत’ आहे. मी वन्यजीवांचा अभ्यासक आहे. तांबड्या हरणाचे नर वसंतात झुंजत नाहीत. हे नाव चुकीचे आहे की माझी माहिती?

उत्तर : आपली माहिती अगदी बरोबर आहे, आणि हा प्रश्न विचारल्याबद्दल आपले मनापासून आभार.

ज्या चित्राविषयी आपण लिहिता ते १८६१ सालच्या सालोंमध्ये, म्हणजे पॅरिसच्या सरकारी प्रदर्शनात, मांडले गेले. त्याच्या नावाचा अर्थ ‘वसंतातला माज, नरांची झुंज’ असा आहे. कॅनव्हास ३५५ सेंटिमीटर उंच आणि ५०७ सेंटिमीटर रुंद, म्हणजे एखाद्या दिवाणखान्याची भिंत व्यापेल इतका मोठा. दोन नर एकमेकांना भिडलेले आहेत आणि तिसरा, जखमी झालेला, मान वर करून ओरडतो आहे. भोवती उंच, सरळ बुंध्यांचे रान आहे.

तांबड्या हरणाचा माज सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये येतो. वसंतात तर नरांजवळ झुंजायला शिंगेच नसतात. फेब्रुवारी ते एप्रिल या काळात ती गळून पडतात, वयस्कर नरांची आधी आणि तरुणांची नंतर. मग सुमारे चार महिने नवी शिंगे वाढतात. या काळात त्यांच्यावर मखमलीसारखी, रक्तवाहिन्यांनी भरलेली कातडी असते आणि तिला धक्का लागणे हरणाला सोसत नाही. जुलै-ऑगस्टमध्ये ती कातडी झाडांवर घासून निघते, तेव्हा कोठे शिंग हत्यार होते. मधल्या काळात नरांचे भांडण झालेच तर ते मागच्या पायांवर उभे राहून पुढच्या खुरांनी एकमेकांना मारतात. तेव्हा कोवळ्या पालवीच्या रानात पूर्ण वाढलेल्या, कडक शिंगांची झुंज हे दृश्य निसर्गात घडणारे नाही.

मग कूर्बे चुकला कसा? १८५८ च्या उत्तरार्धापासून १८५९ च्या आरंभापर्यंत तो जर्मनीत, फ्रँकफुर्ट येथे राहिला होता. आसपासच्या जंगलांत त्याने शिकार केली, आणि होम्बुर्ग व वीसबाडेन येथील हरणांच्या राखीव उद्यानांत अशा झुंजी पाहिल्याचे त्याने पुढे सांगितले. हा मुक्काम शरद ऋतूतला, म्हणजे नेमका माजाच्या हंगामातला आहे. त्याने जे पाहिले ते खरेच पाहिले असावे. पॅरिसला परतल्यावर त्या झुंजीला त्याने झाडांत वर चढणाऱ्या रसाचे, नुकत्या हिरव्या होऊ लागलेल्या वसंतातले रान दिले. हा माझा तर्क आहे, पण तारखा त्याला पुष्टी देतात. माज आणि वसंत यांची जोडी कवितेत इतकी रुळलेली आहे, की निसर्गाशी इमान राखण्याची शपथ घेतलेल्या चित्रकारालाही ती मोहात पाडून गेली.

चित्राच्या बाजूनेही दोन शब्द बोलायला हवेत. त्या काळच्या शिकारचित्रांत झुंजणारे प्राणी फुगलेल्या स्नायूंचे आणि नाटकी आवेशाचे असत. कूर्बेने एका मित्राला लिहिलेल्या पत्रात म्हटले आहे की या प्राण्यांची झुंज थंड असते, राग खोल असतो, घाव भयंकर असतात, पण बघणाऱ्याला ते एकमेकांना स्पर्श करतात असेही वाटत नाही. हे निरीक्षण पाहिलेल्या माणसाचेच आहे. भिडलेल्या डोक्यांकडे पाहा, तेथे आवेश नाही, फक्त वजन आहे. ऋतू चुकला, पण झुंज चुकलेली नाही. मला त्याहून बोलका वाटतो तो दोन चित्रांतला फरक. परमुलखातल्या उद्यानात काही महिने पाहिलेल्या मोठ्या हरणाच्या बाबतीत त्याचा हात घसरला. गावच्या ओढ्यावरच्या लहान हरणाच्या बाबतीत घसरला नाही. रो हरणाची शिंगे शरदाच्या अखेरीस गळतात, भर हिवाळ्यात वाढतात आणि वसंतात कडक होतात. हे वेळापत्रक तांबड्या हरणाच्या नेमके उलटे आहे, त्यामुळे मुखपृष्ठावरच्या हिरव्या रानात शिंगे असलेला नर अगदी बरोबर जागी आहे.

प्रश्न : जो माणूस हरणे मारत होता त्याने ती इतक्या मायेने कशी रंगवावीत? मला हे ढोंग वाटते.

उत्तर : आपली अस्वस्थता मला समजते. तरीही ‘ढोंग’ हा शब्द येथे लागू होत नाही असे मला वाटते, कारण कूर्बेने आपला शिकारीपणा लपवला नाही. उलट तो चित्रांत उघड मांडला.

१८५७ सालच्या ‘ला क्यूरे’ या चित्रात एक रो हरीण मागच्या पायाने झाडाला टांगलेले आहे आणि त्याचे डोके जमिनीला टेकले आहे. समोर दोन कुत्रे आहेत, लाल पेहरावातला एक तरुण बसून शिंग फुंकतो आहे, आणि मागे सावलीत, झाडाला टेकून, हाताची घडी घालून शिकारी उभा आहे. शिकारीनंतर कुत्र्यांना त्यांचा वाटा देण्याची जी रीत, तिला क्यूरे म्हणतात. त्या शिकाऱ्याचा चेहरा कूर्बेचा स्वतःचा आहे. तो विजयी मुद्रेत नाही, हरणाकडे पाहतही नाही. ते सर्वांत उजळ हरीण आणि तो सावलीतला माणूस यांच्यामध्ये कोणी काही बोलत नाही. त्याने स्वतःला निर्दोष ठरवलेले नाही आणि पश्चात्तापाचे नाटकही केलेले नाही. यापेक्षा प्रामाणिक कबुली शिकारचित्रांत मला आढळलेली नाही.

दहा वर्षांनी, १८६७ साली, त्याने ‘अलाली’ रंगवले. घोडेस्वार आणि कुत्र्यांचा ताफा घेऊन हरणाला दमवेपर्यंत पळवण्याची फ्रेंच सरदार-दरकदारांची जी शिकार, तिच्यात प्राणी अखेर कोंडीत सापडला की शिंग फुंकून तसे जाहीर करतात. त्या क्षणाला अलाली म्हणतात. बर्फात कुत्र्यांनी घेरलेले हरीण कोसळते आहे आणि माणूस चाबूक उगारून उभा आहे. हे चित्रही झुंजीच्या चित्राएवढेच अवाढव्य आहे. मला ते छापील प्रतीतही फार वेळ पाहवत नाही, आणि ते तसे पाहवू नये असाच त्याचा हेतू असावा. इतक्या मोठ्या आकाराचा कॅनव्हास तोवर राजे, लढाया आणि धर्मकथा यांच्यासाठी राखून ठेवलेला असे. तो मान कूर्बेने मरणाऱ्या प्राण्याला दिला.

शिकारीच्या वेळी हरणे कुत्र्यांना कशी चकवतात यावरही त्याचे एक चित्र आहे. पळून दमलेले हरीण दुसऱ्या ताज्या हरणाच्या वाटेवर येते, कुत्रे वास चुकून दुसऱ्याच्या मागे लागतात आणि पहिल्याची सुटका होते. या अदलाबदलीला शिकारी ‘शांज’, म्हणजे बदल, म्हणतात, आणि चित्राचे नावही तेच आहे. ही चित्रे एकापुढे एक ठेवून मुखपृष्ठ पाहिले तर एक गोष्ट जाणवते. त्या ओढ्याकाठी माणूस नाही, कुत्रा नाही, बंदूक नाही. ज्या रानात त्याने स्वतः हरणांना उठवले होते, त्याच रानात त्याने त्यांना बसू दिले आहे. ही माया कोठून आली हे मी ठामपणे सांगू शकत नाही, पण ती अनोळखी माणसाची माया नाही.

प्रश्न : दगड फोडणारे मजूर रंगवणारा वास्तववादी चित्रकार हरणांकडे वळला, तो बाजारासाठी वळला का?

उत्तर : हा आरोप त्याच्या हयातीतही झाला. १८६६ च्या सालोंमध्ये हे हरणांचे चित्र आणि ‘पोपट घेतलेली स्त्री’ ही दोन चित्रे मांडली गेली, आणि ज्या टीकाकारांनी पंधरा वर्षे त्याला ओबडधोबड, असंस्कृत म्हणून झोडपले होते, त्यांनाही ती आवडली. तेव्हा तरुण फ्रेंच लेखक एमिल झोला याने उलट खंत व्यक्त केली की हा कूर्बे पूर्वीइतका प्रखर राहिलेला नाही, त्याची नखे बोथट झाली आहेत. झोलाला हवा होता तो लढणारा कूर्बे, आणि त्याची निराशा समजण्यासारखी आहे.

हरणांच्या चित्रांना गिऱ्हाईक होते, यात शंका नाही. त्याच १८६६ साली अमेरिकेतील बॉस्टन शहरातल्या ऑलस्टन क्लब या चित्रकारांच्या मंडळाने ‘ला क्यूरे’ २५,००० फ्रँकला विकत घेतले, आणि कूर्बेला त्याचा मोठा अभिमान होता. मात्र चित्र विकले गेले म्हणजे ते विकण्यासाठीच काढले, हे अनुमान मला पटत नाही. डिसेंबर १८६१ मध्ये तरुण विद्यार्थ्यांना लिहिलेल्या पत्रात त्याने आपली भूमिका मांडली होती. चित्रकला ही मूर्त गोष्टींची कला आहे, जे प्रत्यक्ष आहे आणि डोळ्यांना दिसते तेच तिने रंगवावे. या कसोटीवर रस्त्यावरचा मजूर आणि ओढ्यावरचे हरीण यांत फरक उरत नाही. पौराणिक देवतेच्या पायाशी बसवलेले शोभेचे हरीण त्याने कधी काढले नाही. पुढे १८७१ च्या पॅरिस कम्यून या उठावातील सहभागासाठी त्याला तुरुंगवास झाला, त्यात पाडलेल्या व्हांदोम या नेपोलियनच्या विजयस्तंभाची भरपाई त्याच्यावर लादली गेली आणि १८७३ साली तो स्वित्झर्लंडला निघून गेला. तेथेच ३१ डिसेंबर १८७७ रोजी त्याचे निधन झाले. बाजाराला शरण गेलेल्या माणसाचे आयुष्य सहसा या वळणाने जात नाही.

प्रश्न : ही चित्रे आज कोठे आहेत?

उत्तर : मुखपृष्ठावरचे चित्र (१७४ बाय २०९ सेंटिमीटर), नरांची झुंज आणि ‘झाकलेला ओढा’ ही तिन्ही पॅरिसच्या ओर्से संग्रहालयात आहेत. झुंजीचे चित्र फ्रेंच सरकारने कूर्बेच्या मृत्यूनंतर, १८८१ साली लिलावात घेतले. तो जिवंत असताना घेतले नव्हते. ‘अलाली’ त्याच्या गावापासून जवळच्या बझांसों शहरातील संग्रहालयात, ‘ला क्यूरे’ बॉस्टनच्या ललित कला संग्रहालयात आणि ‘शांज’ कोपनहेगनजवळच्या ऑर्ड्रुपगार्ड संग्रहालयात आहे.

प्रश्न : त्याच काळातील फ्रेंच चित्रकार रोझा बोनर हिनेही हरणे रंगवली. दोघांत श्रेष्ठ कोण?

उत्तर : श्रेष्ठ-कनिष्ठ ठरवण्यात अर्थ नाही, पण फरक सांगता येईल. रोझा बोनर १८६० च्या सुमारास फोंतेनब्लोच्या जंगलालगत ‘बी’ नावाच्या खेड्यातील घरात राहायला गेली. तिने तेथे अनेक प्राणी पाळले, त्यांत हरणेही होती. तिचे हरीण म्हणजे त्या एका हरणाचे व्यक्तिचित्र असते. ते आपल्याकडे रोखून पाहते आणि आपल्याला त्याचा स्वभाव कळतो. शरीररचनेत तिचा हात कूर्बेपेक्षा अचूक आहे, हे निःसंकोच मान्य करावे. कूर्बेचे हरीण क्वचितच आपल्याकडे पाहते. तो प्रथम निसर्गचित्रकार आहे, आणि त्याच्या चित्रात हरीण रानाचे असते.

प्रश्न : मी हौसेने निसर्गचित्रे काढते. झाडे, पाणी बरे जमते, पण त्यात प्राणी काढला की तो कात्रण चिकटवल्यासारखा दिसतो. कूर्बेकडून काय शिकता येईल?

उत्तर : चिकटवल्यासारखा दिसण्याचे कारण बहुतेक वेळा प्राण्याच्या कडेत असते. आपण प्राण्याची बाह्यरेषा सगळीकडून सारखीच ठसठशीत ठेवतो, कारण तो नीट ओळखू यावा अशी आपली इच्छा असते. कूर्बेच्या हरणाची पाठ उजेडाच्या बाजूला स्पष्ट असते आणि पोटाकडची कड सावलीत विरघळून जमिनीला मिळते. खुरेही बहुधा गवत-पाचोळ्यात बुडालेली असतात. डोळा ती रेषा स्वतः पुरी करतो, आणि जे डोळ्याने पुरे केले ते चिकटवलेले वाटत नाही.

दुसरे रंगाचे. हरणासाठी वेगळा तपकिरी रंग कालवू नये. झाडाच्या सालीत, ओल्या पाचोळ्यात आणि खडकाच्या सावलीत जो तपकिरी आपण आधीच वापरला आहे, त्यातूनच हरीण काढावे आणि शेवटी एखादी उबदार छटा तेवढी वर ठेवावी. कूर्बेचा गडद पहिला थर येथे त्याच्या मदतीला येतो, कारण रान आणि हरीण दोन्ही एकाच अंधारातून वर आलेली असतात. आपण पांढऱ्या कॅनव्हासवर काम करत असाल तर निदान एकदा गडद थरावरून सुरुवात करून पाहावी. जलरंगात हे जमणार नाही, तैलरंगात किंवा अ‍ॅक्रिलिकमध्ये जमेल. प्राणी चित्र पुरे झाल्यावर घालू नये; त्याच्या जागचा काळोख आणि उजेड पहिल्या दिवसापासून रानाबरोबरच मांडावा, मग त्याचे तपशील कितीही उशिरा केले तरी चालतात.

एक प्रयोग सुचवतो. मुखपृष्ठावरची हरणे अंगठ्याने झाकून चित्र पाहावे. कडे, पाणी, बुंधे आणि वरून झिरपणारा उजेड एवढ्यावरही ते उभे राहते, हे लक्षात येईल. मग अंगठा उचलून आपली नजर आधी कोठे जाते ते पाहावे. माझी तरी दर वेळी आधी खडकावरच्या उजेडावर जाते, आणि तेथून सावकाश खाली उतरताना ती बसलेली मादी सापडते.